फाशीचा सांगाडा मोडला, तर कलेचं काय बिघडलं?

छिन्नी: कुणीतरी लिहिलंय, ‘स्कॅफोल्ड हे शिल्प मोडलं, म्हणजे कलेने भावनांपुढे गुडघे टेकले.’ डोकंच फिरलं. अमेरिकन कलावंत सॅम ड्युरंटचं हे शिल्प २०१२ साली जर्मनीत कासेलला उभं होतं, ज्या फाश्यांवर ते आहे त्यांच्यापासून समुद्रापार. २०१७ ला ते अमेरिकेत, मिनिआपोलिसच्या वॉकर संग्रहालयाच्या शिल्पोद्यानात आणलं, त्या अजस्र चमचा-चेरीच्या शिल्पाच्या बागेत. सरकारी फाशीच्या सात सांगाड्यांची ती गुंफण. त्यातला एक त्याच राज्यातल्या मॅन्केटोचा. १८६२ साली तिथे एका दिवशी डकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांपैकी ३८ पुरुष लटकवले. बघणाऱ्यांना वर चढायला जिनेसुद्धा! डकोटांना आधी विचारलं होतं का? नाही. त्यांनी विरोध केला, म्हणून ते मोडलं.

तिरकस: ड्युरंट फाशीचा निषेधच करत होता हो. निषेध करणाऱ्याचंच शिल्प मोडायचं? उद्या प्रत्येक दगडाला ना-हरकत दाखला लावा.

छिन्नी: शिल्पाचे हक्क त्याने स्वतःच डकोटांना दिले. वाचून बोला.

उंबरठा: खरी गंमत पुढेच आहे. त्याच संग्रहालयात, त्याच वर्षी जूनमध्ये शिल्पकार जिमी डरहॅमचं मोठं प्रदर्शन! स्वतःला चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणवायचा. सरकारमान्य तिन्ही चेरोकी जमातींपैकी एकीच्याही सदस्य-नोंदीत नाव नाही.

तिरकस: म्हणजे शिल्पाआधी वंशावळ बघायची? आणि त्या जुन्या याद्या केल्या कुणी? सरकारनेच!

उंबरठा: आज नोंद जमातीच ठेवतात. आक्षेप चेरोकी कलावंतांनीच घेतला होता. प्रदर्शनाची एकेक जागा मिळवताना त्यांच्या चपला झिजतात, तुम्हाला काय!

तिरकस: ओतकाम करणाऱ्याचं नाव तरी कुठल्या पाटीवर असतं? चपला आमच्याही झिजल्यात.

छिन्नी: झालं, यांचं ओतकाम आलं!

मातीकाम: भांडा खुशाल, पण एक सांगते. शिकत असताना पुस्तकातल्या फोटोवरून मी एका समाजाचा मुखवटा घडवला. डोळ्यांच्या खाचा तीनदा खरवडल्या, शाबासकी मिळाली. त्या समाजातली एक मुलगी वर्गात होती. ती हळूच म्हणाली, “हा आम्ही उघड्यावर ठेवत नाही.” मी तो झाकला. चूक पुस्तकाची का माझी, ठाऊक नाही. पण डरहॅमचं काम मला आवडतं, काय करू?

उंबरठा: आवडू दे. पाटीवर ‘चेरोकी’ लिहू नका, एवढंच म्हणतोय.

छिन्नी: आणि त्या बागेत २०२१ पासून अँजेला टू स्टार्स या डकोटा कलावतीचं काम आहे. पाणी आहे, डकोटा भाषा आहे. कला मेली नाही बरं का!

तिरकस: बरं बाबा, जिने नको होते. एवढंच मान्य. डरहॅमवर मी हटणार नाही.