बुडापेस्टमध्ये दोन दिवस : पर्यटक बसऐवजी ट्राम

दोन दिवसांसाठी पर्यटक बसचे महागडे तिकीट काढावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते काढू नये. एकट्या माणसाला डॅन्यूब नदीच्या काठाने, शहराच्या पेस्ट नावाच्या बाजूने धावणारी २ क्रमांकाची ट्राम पुरते, कारण संसदभवन, साखळी पूल आणि पलीकडच्या बुडा टेकडीवरचा राजवाडा तिच्या खिडकीतूनच साध्या तिकिटात दिसतात. कागदी तिकिटावर मात्र चढताच यंत्रात शिक्का मारून घ्यावा (दंड भरून शिकलेला धडा आहे). संसदेजवळ उतरून काठाने थोडे चालल्यास, १९४४-४५ मध्ये गोळ्या घालून नदीत ढकललेल्या ज्यूंचे २००५ मधील स्मारक लागते : ६० जोड लोखंडी बूट, काहींत पावसाचे पाणी साचलेले. तिथे घाई करू नये. सेचेनी या गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहासाठी टॉवेल आणि चपला घरूनच न्याव्यात.