मदत हवी आहे : वजन उतरलं, पोट तसंच, ताकद गेली (वय १६)

नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय १६ वर्षं ४ महिने, मुलगा, उंची १६८ सेंमी. सात आठवड्यांपूर्वी वजन ७६ किलो होतं, आज सकाळी ७१. ऐकणारा प्रत्येक जण "वा!" म्हणतो. मला मात्र आरशात काहीच "वा" दिसत नाही.

काय केलं ते खरं खरं सांगतो. फोनवर कॅलरी मोजायचं ॲप घेतलं. त्यात १८ च्या खालचं वय घेतच नव्हतं, म्हणून १८ टाकलं. त्याने रोज १५०० कॅलरी सांगितल्या, मी उत्साहाच्या भरात १२०० वर आणल्या. सकाळी उपाशीपोटी ४० मिनिटं पळतो, रात्री झोपण्याआधी पोटासाठी २०० क्रंचेस, म्हणजे पाठीवर झोपून खांदे वर उचलायचे. एकही दिवस चुकवला नाही.

आता परिस्थिती अशी की दंड बारीक झाले, गाल बसले आणि पोट जिथे होतं तिथेच आहे. सुरुवातीला एका दमात १२ जोर निघायचे, आता आठव्यालाच हात थरथरतात. बैठकीतून उठताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. अभ्यासाला बसलो की पुढचं जेवण किती वाजता, एवढंच डोक्यात.

आणखी एक, जे घरी बोललो नाही. छाती सैल दिसते. टी-शर्ट चिमटीत धरून पुढे ओढायची इतकी सवय लागलीय की माझ्या सगळ्या टी-शर्टांना त्याच जागी टोक आलंय.

तर आधी चरबी उतरवून मग स्नायू कमवायचे, की दोन्ही एकदम होतं? घरचे म्हणतात वजन उचलशील तर उंची खुंटेल, ते खरं का? वर्गातली मुलं प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन (ताकद वाढावी म्हणून घेतात ती पूड) घेतात, मीही घेऊ का? बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २५.२ येतोय, म्हणजे मी जाड आहे की नाही?

प्रतिसाद १

क्रंचेस आधी बंद कर बाबा. च्युइंगगम चघळून गाल उतरत असते तर काय हवं होतं! ज्या भागाचा व्यायाम त्याच भागाची चरबी जाते असं होत नाही. चरबी सगळ्या अंगातून जाते, कुठून आधी आणि कुठून शेवटी ते शरीर ठरवतं. मुलांच्या बाबतीत पोट बहुतेक वेळा शेवटच्या रांगेत.

प्रतिसाद २

मी शाळकरी खेळाडूंना बरीच वर्षं शिकवतोय. दरवर्षी तुझ्यासारखे दोन-तीन तरी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझे पाच किलो गेले ते पाचही चरबीचे नाहीत. कमी खाल्लं की स्नायूंतला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, आधी उतरतो आणि प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी घेऊन जातो. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो तो बराचसा यामुळे. त्यानंतर चरबी गेलीच असेल, पण सोबत स्नायूही गेले. स्नायू राखायचे असतील तर शरीराला दोन गोष्टी लागतात : त्यांच्यावर भार पडला पाहिजे आणि पुरेसं प्रथिन पोटात गेलं पाहिजे. तू भार दिलास पायांना, तोही पळण्याचा, आणि खाणं निम्म्यावर आणलंस. निम्म्यावर हे उगाच म्हणत नाही. तुझ्या वयाच्या मुलाची रोजची गरज हालचालीप्रमाणे साधारण २४०० ते ३२०० कॅलरी धरतात. त्यात उंची वाढण्याचा खर्चही आला. ॲपला तू वाढता मुलगा आहेस हे माहीतच नव्हतं, कारण तू त्याला सांगितलं नाहीस!

आता मुख्य प्रश्न. दोन्ही एकदम होतं, आणि ज्यांच्या बाबतीत ते सगळ्यांत सहज होतं त्यांत तू बसतोस : नवशिका, अंगावर थोडी जास्तीची चरबी, आणि वयात येतानाचे हार्मोन्स सोबतीला. पाच वर्षं व्यायाम केलेल्या तिशीच्या माणसाला यासाठी घाम गाळावा लागतो. तुला खायचं आहे आणि उचलायचं आहे, इतकंच. मात्र वजनाचा काटा हलणार नाही. चरबी दोन किलो गेली आणि स्नायू दोन किलो आला तर काटा काय दाखवेल? शून्य. इथेच पोरं धीर सोडतात आणि परत उपाशी राहायला लागतात.

म्हणून काटा कपाटात. महिन्यातून एकदा काढ. त्याऐवजी शिवणकामाची टेप घे आणि दर दोन आठवड्यांनी सकाळी, पोट आत न ओढता, बेंबीच्या रेषेत मोज. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी असा साधा हिशोब आहे. तुझ्यासाठी ८४ सेंमी.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. दप्तरात पुस्तकं भरून पाठीला लावायचं आणि बैठका. तेच दप्तर दोन्ही हातांनी धरून, गुडघे थोडे वाकवून, कमरेतून पुढे झुकून, पाठ सरळ ठेवून पोटाकडे ओढायचं. जोर, शेवटचे निघेनात तर हात मजबूत टेबलाच्या कडेवर ठेवून. आणि शेवटी प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ धरून राहायचं. प्लँक सोडून प्रत्येकाचे दोन-तीन सेट, ८ ते १२ वेळा, आणि "अजून दोन निघाले असते" असं वाटतं तिथे थांबायचं. सगळ्या सेटमध्ये १२ जमले की दप्तरात एक पुस्तक वाढव. वहीत लिही. ती वही हाच तुझा खरा काटा.

पळणं बंद नको, पण रोज उपाशीपोटी ४० मिनिटं नको. दोन दिवस पळ, बाकी दिवशी मित्रांबरोबर खेळ.

प्रतिसाद ३

भावा, फॅट बर्नरची गोळी घे, दोन महिन्यांत कट्स दिसतील. माझ्या जिममध्ये सगळे घेतात.

प्रतिसाद २ (पुन्हा)

वरच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष कर. या गोळ्यांत बहुतेक वेळा कॅफीनसारखी उत्तेजकं ठासून भरलेली असतात : छातीत धडधड, झोप उडालेली. चरबी जाळायला म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या डीएनपी या विषारी रसायनाने तर माणसं दगावली आहेत. "सगळे घेतात" ते पुढे स्टेरॉइडवरही जातं, आणि वाढत्या वयात स्टेरॉइड घेतलं तर हाडांची वाढ वेळेआधी थांबते.

उंचीचं राहिलंच होतं. घरच्यांना सांग, नीट शिकून, झेपेल तेवढं वजन उचलल्याने उंची खुंटत नाही. हाडांच्या टोकाशी वाढीची जी कूर्चा असते तिच्यावर उडी मारून उतरतानाही चांगलाच भार येतो, म्हणून कुणी मुलांना उड्या मारायचं बंद करत नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही देखरेखीखालच्या ताकदीच्या व्यायामाला सुरक्षित मानते. एका उचलीत जास्तीत जास्त किती जातं ते बघायची हौस मात्र हाडांची वाढ पुरी होईपर्यंत नको. दुखापती होतात त्या बहुधा अशाच, एकट्याने फुशारकी मारताना. वाढीला खरा धोका दीर्घकाळ कमी खाण्याचा. म्हणजे घरचे घाबरतात व्यायामाला, आणि धोक्याचं जे आहे ते तू गुपचूप करतोयस.

प्रतिसाद ४

मी मुलांची डॉक्टर आहे. इथे तपासणी होत नाही, पण दोन गोष्टी सांगते.

छातीबद्दल. झोपून, बोटांनी स्तनाग्राच्या बरोबर खाली चाचपून बघ. बटणासारखी, जराशी रबरी, कधी दुखरी चकती लागली तर ती चरबी नव्हे, ग्रंथीची वाढ आहे. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांना ती कमीजास्त होते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. कितीही पळालास, कितीही उपाशी राहिलास तरी ती त्याने जात नाही, म्हणून त्यासाठी स्वतःला शिक्षा करू नकोस. नुसतंच मऊ लागलं तर ती चरबी, ती बाकीच्या अंगाबरोबर उतरेल. गाठ एकाच बाजूला असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा स्राव येत असेल तर लगेच दाखव. तशीही अंधारी येतेय म्हणजे डॉक्टरांकडे जायचंच आहे, त्याच वेळी विचार. आम्हाला हे रोज विचारतात रे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बीएमआयचे मोठ्यांचे आकडे तुला लावायचे नाहीत. १९ वर्षांपर्यंत वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्ता वेगळा असतो. त्यावर तू वजनाने थोडा जास्त आहेस, स्थूल नाहीस.

पावडरीची गरज नाही. दिवसाला ८५ ते ११० ग्रॅम प्रथिन तुला भरपूर झालं. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, वाटीभर शिजवलेल्या कडधान्यात साधारण तेवढंच. तीन-चार वेळच्या खाण्यात वाटलं की गणित बसतं. क्रिएटिन अठराच्या आत नको. आणि झोप आठ ते दहा तास. सहा तास झोपणाऱ्या मुलाला मी व्यायामाचा तक्ता देतच नाही.

प्रतिसाद ५

मी आई आहे, तुझ्याएवढ्याच मुलीची. तिच्या वजनावरून घरात आम्ही जेवताना थट्टा करायचो. आम्हाला गंमत वाटायची. एक दिवस लक्षात आलं की ती ताटातलं निम्मं रुमालात गुंडाळून टाकते. तुझं "पुढचं जेवण किती वाजता एवढंच डोक्यात" वाचलं आणि तेच आठवलं. आईबाबांना हा धागा दाखव. टी-शर्टचं वाक्य हवं तर वगळ.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर ताई, चकती लागली. दोन्हीकडे. रात्री झोपच आली नाही, पण या वेळी जरा बऱ्या कारणाने.

आईला दाखवलं, वाक्य न वगळता. ती काही बोलली नाही, नुसतं ताट वाढून समोर ठेवलं. ॲप काढून टाकलं. काका, कंबर ८६ आली. एकदम २४०० खायला भीती वाटते. पुन्हा ७६ झालो तर?

प्रतिसाद २

मग एकदम नको. दर आठवड्याला दोन-तीनशे कॅलरी वाढव, म्हणजे आधी बुडवलेला नाश्ता परत आण, मग पळून आल्यावरचं खाणं. पहिल्या दोन आठवड्यांत काटा किलो-दीड किलो वर जाईल. ते रिकाम्या झालेल्या स्नायूंत साखर आणि पाणी परत भरल्याचं वजन. घाबरून पुन्हा १२०० वर येऊ नकोस, टेप बघ.

धागाकर्ता (११ आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. वजन ७२.५, म्हणजे दीड किलो *वाढलं*. उंची १६९. कंबर ८२.५. जोर एका दमात २१. दप्तरात आता अकरा पुस्तकं आहेत, बंद तुटला म्हणून आईने दुहेरी शिवून दिला. मधल्या एका आठवड्यात परीक्षेमुळे काहीच केलं नाही, तरी काही बिघडलं नाही.

डॉक्टरांना दाखवलं. अंधारी खाणं कमी पडल्यामुळेच होती, आता येत नाही. चकती वयात येतानाचीच म्हणाले, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. ती आहे तशीच आहे, आणि टी-शर्ट मी अजून ओढतो.

एक अडलंय. पुल-अप एकही निघत नाही. नुसता लोंबकळतो, मित्र हसतात.

प्रतिसाद २

हसू देत. स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर ने, पाय सोड आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली ये. वर जायला परत स्टूल. असं चार वेळा, आठवड्यातून दोनदा. पाचाचे आठ आकडे झाले की एकदा खालून वर जाऊन बघ. आणि स्टूल डगमगत नाही ना, ते आधी तपास.