मदत हवी आहे: बाजाराला जाताना कुत्र्याला सोबत न्यावं का? (सांगली)

आमचा लॅब्रॅडॉर दोन वर्षांचा, वजन 28 किलो. रेबीजसह सगळी इंजेक्शनं वेळेवर झालेली, स्वभाव शांत. राहायला विश्रामबागला, किराणा आणि भाजी मात्र गणपती पेठ, मारुती रोडकडून आणतो. सकाळी घरी कुणी नसतं. एकटा राहिला की तासभर रडतो, शेजारच्या आजींना त्रास होतो. म्हणून सोबत नेऊन पाहिलं.

दुकानाबाहेर खांबाला बांधलं, तर पेठेतली कुत्री अंगावर आली. परत तसं करणार नाही. मग गाडीत ठेवलं, काचा चार बोटं खाली, गाडी सावलीत. दहा मिनिटांत येऊन बघतो तर जीभ लांब काढून धापा टाकत होता. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग गार करतं. काचा थोड्या उघड्या ठेवून आतली उष्णता फारशी कमी होत नाही, हे नंतर वाचलं आणि पोटात गोळा आला. तेही आता बंद. पट्टा धरून आत नेलं तर काही दुकानदार हसून घेतात, पण गिऱ्हाईकं बिचकतात, आणि त्यांचंही चुकत नाही.

घरी ठेवताना रेडिओ लावून, खाऊ भरलेलं खेळणं देऊन पाहिलं. वीस मिनिटं गप्प, मग पुन्हा रडणं सुरू. बोर्डिंग रोज परवडणार नाही.

एकटं राहायची सवय कुणी लावली आहे का? सुरुवात किती मिनिटांपासून केली, आणि तासाभरावर यायला किती दिवस लागले?