मदत हवी आहे: बघ्यांच्या गर्दीचा हिशोब बरोबर आहे का?

बेळगावात क्रिमिनॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. सेमिनारचा विषय: समोर संकट दिसूनही लोक मध्ये का पडत नाहीत.

डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या प्रयोगात फिटचा झटका आलेल्या माणसाचा आवाज आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक तो थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. उलट अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनच्या सीसीटीव्ही चित्रणात दहापैकी नऊ भांडणांत कुणीतरी मध्ये पडलंच. (खडे बाजारातली गर्दी बघून मला हेच जास्त पटतं.)

मग आकडेमोड केली. ऐकणाऱ्या पाचही जणांची मदतीला उठण्याची शक्यता प्रत्येकी ३१ टक्के धरली तर किमान एकजण उठण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के येते. म्हणजे प्रयोग आणि सीसीटीव्ही यांच्यात विरोध उरतच नाही! पण यात प्रत्येकजण स्वतंत्रपणे ठरवतो असं धरलंय. खऱ्या गर्दीत सगळे एकमेकांकडे बघूनच हलतात की.

१९६४ चं जेनोव्हीज प्रकरण (न्यूयॉर्कमधला किटी जेनोव्हीजचा खून, जो ३८ जणांनी नुसता बघितला असं छापून आलं होतं) सुचवू नका, ते ‘३८ साक्षीदार’ फुगवलेले आहेत हे वाचलंय. स्वतः सर्व्हे करायला परवानगी नाही. कन्नड, इंग्रजी वाचन चालेल.

हा हिशोब सेमिनारमध्ये मांडू का, की त्या गृहीतकावरच सर अडवतील?