मदत हवी आहे: बोया पकडायला आकडीची काठी कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी. देवबागला कर्ली खाडीत आमची 18 फुटी फायबरची होडी आहे, मागे 15 हॉर्सपॉवरचं मशीन. धंद्याची नाही, घरचीच. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, काठ उघडा पडतो म्हणून होडी थोडी आत बांधतो: तळाशी सिमेंटचा ठोकळा, त्याला साखळी, मग दोर आणि वर बोया म्हणून निळा कॅन.

हा कॅन पकडायला एक सरकती अॅल्युमिनियमची काठी ऑनलाइन मागवली होती. गेल्या पौर्णिमेला उधाणाच्या सुकतीत परत येत होतो. चुलतभाऊ मशीनवर, मी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. कॅनच्या मुठीत आकडी बरोबर अडकली, पण होडी थांबेना. काठीचा आतला नळा सरकत सरकत पूर्ण बाहेर आला. अर्धी काठी माझ्या हातात, अर्धी कॅनला आणि मी पाण्यात. कमरेएवढंच पाणी होतं. पुतण्याने व्हिडिओ काढला तो आता घरोघरी फिरतोय.

तर जाणकारांनी सांगावं: लांबी किती हवी? अॅल्युमिनियम की बांबू? धक्क्याला लावताना हीच काठी रेटायला वापरली तर चालते का? आणि हातातून सुटू नये म्हणून मनगटाला बांधावी का?

प्रतिसाद 1
लाइफ जॅकेट होतं का अंगात? बाकीचं नंतर बोलू.

प्रतिसाद 2
मनगटाला अजिबात बांधू नका. त्या दिवशी बांधलेली असती आणि काठी निखळली नसती तर कॅनला तुम्हीच लटकला असता. काठी अडकली की सोडून द्यायची आणि वळसा घेऊन परत यायचं. म्हणूनच ती तरंगणारी हवी. बांबू तरंगतो. अॅल्युमिनियमच्या नळीची टोकं नीट बंद नसतील तर पाणी भरून ती तळाला जाते.

पण खरी चूक काठीची नाही. चालती होडी काठीने थांबवायला गेलात, तीही माणसांसकट. ते काम मशीनचं आणि पाण्याचं. सुकतीला पाणी समुद्राकडे ओढतं, म्हणजे तुम्ही कॅनच्या समुद्राकडच्या अंगाने, खाडीच्या वरच्या दिशेला तोंड करून यायला हवं. तुम्ही बहुतेक पाण्याबरोबर वाहत आलात. वारा जास्त असेल तर गणित बदलतं. तेव्हा शेजारच्या नांगरलेल्या होड्या बघा. त्यांची तोंडं जिकडे, तिकडेच तुमचं. कॅनपाशी होडी जवळजवळ उभी राहिली पाहिजे, आणि दोर जवळ आला की मशीन न्यूट्रल, नाहीतर दोर मशीनच्या पंख्यात जाईल. नाळेखालचं भावाला दिसत नाही, म्हणून काठी कॅनच्या दिशेला रोखून धरा. ओरडण्यापेक्षा ते बरं.

आणि कॅनची मूठ कशाला पकडता? ती कधीतरी तुटणारच. कॅनखालच्या मुख्य दोराला दोन-तीन हात तरंगती दोरी जोडा, तिच्या टोकाला जाळ्याचा एक छोटा फ्लोट. आकडीने ती दोरी उचलायची, हाताने ओढून मुख्य दोर वर घ्यायचा आणि लगेच खुंट्याला वेढा. तिथे काठीचं काम संपलं.

लांबी: नाळेवर गुडघे टेकून पाण्यापर्यंत पोचेल त्याहून तीन-चार फूट जास्त. तुमच्या होडीला सात-आठ फूट पुष्कळ. सरकत्या काठीची पकड नुसत्या घर्षणावर असते. आत तेल-ग्रीस लावलं होतंत का?

धक्क्याला हळूच रेटायला चालेल, पण न सरकणारी काठी. तिचं मागचं टोक पोटासमोर कधीच धरू नका, कमरेच्या बाजूला काढा. धक्का बसला तर ते सरळ बरगडीत जातं. होडी वेगात येत असेल तर काठी, हात, पाय काहीच मध्ये घालू नका. जुने टायर लटकवा, ते मार खातील.

प्रतिसाद 3
आमचे आजे सांगत, "होडी वडूक जाव नको, दोरी वड." एवढाच.

मूळ प्रश्नकर्ता
जॅकेट होतं, पाटाखाली. कबूल. आणि तेलही कबूल! वाळू जाऊन काठी अडकत होती म्हणून खोबरेल चोळलं होतं. पाण्याबरोबर आलो हेही खरं.

आज भांगेच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांतल्या, मंद पाण्यात, उलट तोंडाने, जुनीच वल्ही हातात घेऊन चार वेळा सराव केला. चौथ्या वेळी कॅन नाळेला लागून उभा राहिला, वाकून नुसत्या हाताने उचलला. आता बांबू बघून ठेवलाय. लोखंडी आकडीने फायबर खरवडेल का? आणि तोंड किती मोठं ठेवायला सांगू? दोर 14 मिलिमीटरचा आहे.

प्रतिसाद 2
खरवडेल, आणि गंजेलही. स्टेनलेसची करून घ्या. टोक कानशीने गोल, बोथट करायला सांगा आणि बाहेरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. तोंड एवढं, की दोर आणि तुमचा अंगठा एकदम आत जाईल.