कॉलेज फुटबॉल : तुमचं घराणं कोणतं? (अनुभव धागा)

निळापिवळा
जानेवारीत इंडियाना चॅम्पियन झालं आणि रात्रीच ब्लूमिंग्टनच्या मित्राचा फोन. "बोला मिशिगनकर सरकार, आमच्या पोरांना किती तारे होते?" काय बोलणार? इतकी वर्षं मीच त्याला छळलंय. तुमचं फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा टाइमपास, वगैरे. आता हे १६-०. एवढे सामने खेळून एकही न हरणं याआधी वरच्या डिव्हिजनमध्ये फक्त येलला जमलं होतं, तेही १८९४ साली.

त्यावरून २००७ आठवलं. ॲन आर्बरला नुकताच आलो होतो, नियम धड माहीत नाहीत, पण रूममेटनं तिकीट हातात कोंबलं. मिशिगन देशात पाचवं, समोर खालच्या डिव्हिजनचं ॲपलाचियन स्टेट. लाखावर माणसं, बहुतेक सगळी जेवणाआधी हात धुवायला आल्यासारखी निवांत. शेवटच्या सेकंदांत आमचा फील्ड गोल त्यांनी अडवला आणि ३४-३२ ने खेळ खल्लास. शेजारी एक आजोबा कानाला छोटा रेडिओ लावून बसले होते. बाकावर बसायची चटई गुंडाळून झाली, माणसं निघून गेली, तरी ते रेडिओ ऐकतच होते. जाता जाता मला म्हणाले, "लक्षात ठेव पोरा, जगात सगळ्यात जास्त सामने आम्हीच जिंकलेत." त्या क्षणाला त्या वाक्याचा काडीचा उपयोग नव्हता, पण मी तिथेच बाटलो.

तुम्ही कुठे आणि कसे चिकटलात? आणि खरं सांगा, मोठं काय, जुनं घराणं की यंदाची भरती (शाळेतून उचललेली नवी पोरं)?

कोलंबसची_सून
आम्ही ओहायो स्टेटवाले. त्या राज्याचं नाव आमच्या घरी घेत नाहीत. "वरची टीम" म्हणायचं. सामन्याच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या सगळ्या एम अक्षरांवर लाल टेपची फुली. सासरे पुण्याहून आले होते, दोन दिवस बघत होते, शेवटी म्हणाले, "या एम नं तुमचं काय घोडं मारलंय?" नवऱ्यानं त्यांना दोन्ही राज्यांचं १८३५ चं टोलेडो गावावरचं भांडण ओहायोच्या बाजूनं सांगितलं. चहा गार झाला.

भरतीचं म्हणाल तर आमची बहुतेक दरवर्षी पहिल्या पाचात. तरी २०२४ ला स्वतःच्या अंगणात रँकिंगमध्येही नसलेल्या "वरच्या टीम"कडून हरलो. मग जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ हरवून चॅम्पियन. घरात अजून पहिल्याच गोष्टीचं सुतक.

निळापिवळा
वहिनी, १३-१०. बाकी काही नाही, सहज आठवलं.

कोलंबसची_सून
समोरच्या टीमचे सिग्नल चोरण्याच्या प्रकरणात दंड कुणाला झाला तेपण सहज आठवा. आणि गेल्या नोव्हेंबरात तुमच्याच घरी २७-९. कुकर लावायचाय, नंतर येते.

नवखी_ह्यूस्टन
हे सॉकर का? तारे म्हणजे काय? हॉटेलसारखे?

बर्मिंगहॅमचे_नाना
ताई, सॉकर नाही, हेल्मेटवालं. शाळेतल्या पोरांना वेबसाइटवाले दोन ते पाच तारे देतात. पाचवाले देशभरात जेमतेम तीसेक. कुठल्या कॉलेजला कितीजण लागले त्यावरून त्या कॉलेजचा नंबर. डिसेंबरात सह्या होतात तेव्हा आमच्या ऑफिसात काम बंद असतं, साहेबासकट. सतरा वर्षांचं पोरगं टेबलावरच्या तीन टोप्यांपैकी कुठली घालतं यावर पन्नाशीचे गडी श्वास रोखून बसतात.

अनुभव विचाराल तर २०१३ चा. आमच्याकडे सत्यनारायण, नेमका अलाबामा-ऑबर्नच्या दिवशी. (मुहूर्त मिसेसनी काढला होता, नोंद असावी.) पाहुणे अर्धे आमच्या अलाबामाचे, अर्धे ऑबर्नचे. पोथी सांगणारे गृहस्थ स्वतः ऑबर्नचे इंजिनिअर. साधुवाण्याची नाव बुडत होती आणि आतल्या खोलीत २८-२८. घड्याळात एक सेकंद उरला होता, तोही आमच्या कोचनं मागून घेतलेला. ५७ यार्डांवरून किक मारली, ती तोकडी पडली. त्यांच्या ख्रिस डेव्हिसनं ती गोलपोस्टखाली झेलली आणि पार या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाऊन सामना जिंकून दिला. आतून असा काही ओरडा आला की पोथीवाल्यांनी पोथी मिटली, सोवळ्यातच आत धावले आणि "वॉर ईगल" ही ऑबर्नची आरोळी ठोकून नाचले. शिरा करपला. मी तो खाल्ला नाही. मिसेस म्हणतात प्रसाद नाकारला म्हणून पुढे काय काय झालं.

असो. आमची अठरा विजेतेपदं आहेत, एवढं बोलून थांबतो.

एडिसनकर
नाना, त्यात १९४१ धरलं का? त्या साली दोन सामने हरलात, पत्रकारांच्या एपी यादीत विसावे होता. नंतर कित्येक वर्षांनी तुमच्याच माणसांनी बसून जुनी सालं जोडली.

घराण्याची गोष्ट काढताय तर आमच्या पाया पडा. माझ्या घरापासून न्यू ब्रन्सविक हाकेच्या अंतरावर. ६ नोव्हेंबर १८६९, पहिला कॉलेज सामना, रटगर्स ६, प्रिन्स्टन ४. महात्मा गांधी तेव्हा महिन्याभराचे होते. त्यानंतर रटगर्सनं काय केलं ते कृपया विचारू नये.

बर्मिंगहॅमचे_नाना
प्रिन्स्टन तर २८ विजेतेपदं सांगतं! त्यांना जाऊन विचारा की कागद.

लिंकनचा_दादा
नेब्रास्का. १९६२ पासून घरचा एकही सामना तिकिटं न खपता झालेला नाही. १९९४, ९५, ९७ चॅम्पियन. नंतर शुकशुकाट. तरी शनिवारी अख्खं राज्य लाल. आमच्या इथले शेतकरी मका काढायचं वेळापत्रक किकऑफ बघून ठरवतात. भरतीत कुठे असतो विचारू नका, समुद्र नाही, डोंगर नाही, पाच तारेवालं पोरगं येईल कशाला? पूर्वी आसपासच्या गावांतली धट्टीकट्टी पोरं स्कॉलरशिपशिवाय यायची आणि चार वर्षांत तयार व्हायची. ते मला जास्त आवडायचं.

ऑस्टिनची_मावशी
भरती भरती करणाऱ्यांनी एकच उदाहरण घ्या. शेजारी टेक्सस ए अँड एमचा. २०२२ ला त्यांची भरती देशात पहिली, रँकिंग सुरू झाल्यापासून सगळ्यात भारी म्हणत होते. बार्बेक्यू लावून आम्हाला बोलावलं, लिस्ट वाचून दाखवली. त्याच सीझनला ५-७. पुढच्या वर्षी कोचला घालवायला साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यायची वेळ आली. वर हा म्हणतो, "आम्ही हरत नाही, फक्त वेळ संपते." त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. २०२४ ला तेरा वर्षांनी त्यांचा आणि आमच्या टेक्सस युनिव्हर्सिटीचा सामना परत सुरू झाला, १७-७ जिंकलो, तेव्हा मी फक्त पुरणपोळ्या नेऊन दिल्या. काही बोलले नाही. 😌

ब्लूमिंग्टनचा_बंड्या
माझं नाव न घेता धागा काढलाय म्हणून आलो. निळ्यापिवळ्या, ऐक. आमचा मेंडोझा शाळेतून आधी येलला जायचा होता. मग बर्कलीला गेला, तिथून पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची यादी) आमच्याकडे, आणि हाइझमन (वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) घेऊन गेला. कोच आले तेच जेम्स मॅडिसन कॉलेजहून आपली पोरं बरोबर घेऊन. अठराव्या वर्षी मिळालेल्या ताऱ्यांचं विसाव्या वर्षी काय करायचं? ज्याचा खेळ दिसलाय असा गडी पोर्टलमधून उचला. रोझ बोलच्या सामन्यात अलाबामाला ३८-३ हरवलं. नाना, नमस्कार.

बर्मिंगहॅमचे_नाना
नमस्कार. मी बी.पी.ची गोळी घेतो.

लिंकनचा_दादा
पण बंड्या, २०२१ पासून पोरांना जाहिरातीचे पैसे, आता २०२५ पासून कॉलेजच थेट देतं. मग पोर्टल काय आणि भरती काय, बोलीच ना? दरवर्षी नवीन चेहरे. मला आमच्या लाइनमनची नावंसुद्धा पाठ होत नाहीत हल्ली.

ब्लूमिंग्टनचा_बंड्या
पैसा आधीही होता दादा, टेबलाखालून. आता पावती मिळते.

साउथबेंडची_मनी
नोत्र दाम. १९८८ नंतर एकही विजेतेपद नाही. दर ऑगस्टला "यंदा नक्की". +१ सगळ्यांना.

पुणेकर_साधा
मी भारतातच असतो, मॅच एकही बघितलेली नाही, पण सगळं ओळखीचं वाटलं. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्यमध्ये "अरे आव्वाज कुणाचा" करून घसा बसलेला आहे. आमचं कॉलेज शेवटचं कधी जिंकलं ते सांगत नाही, पण जुन्या एकांकिकांची नावं विचारा, रात्रभर सांगतो.

एडिसनकर
कुठलं कॉलेज?

पुणेकर_साधा
सांगितलं तर धागा भरकटेल.

नवखी_ह्यूस्टन
कळलं थोडं थोडं. लेकाला पर्ड्यूची ॲडमिशन मिळालीये, त्यांची टीम कशी आहे?

ब्लूमिंग्टनचा_बंड्या
ताई, इंजिनिअरिंग उत्तम आहे.

निळापिवळा
😂😂

कोलंबसची_सून
आले परत. टेलगेटला (सामन्याआधीची पार्किंगमधली खादाडी) साबुदाणा वडे न्यायचेत, मागच्या वेळी डब्यात घाम सुटून लगदा झाला. काय करता?

ऑस्टिनची_मावशी
गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, फॉइल तर नकोच. कागदी पिशवीत ने. आणि दही वेगळ्या कूलरमध्ये, बिअरच्या नाही. पार्किंग कुठे मिळतं गं तुमच्याकडे? आम्ही यायचं म्हणतोय.