सुभद्रेला काय हवंय ते ऐकू येत नसेल तर कान तपासा

पायपेटीवाला: काल इथंच एकानं लिहिलं की ब्रॉडवेच्या नाटकात पात्र सुरुवातीलाच 'मला हे हवंय' असं गाऊन मन मोकळं करतं, आणि आपल्या संगीत नाटकात नुसते गवई उभे असतात. वाचून डोकं फिरलं. 1882 चं 'सौभद्र' घ्या. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलरामदादानं लग्न ठरवलंय दुर्योधनाशी. 'वद जाऊ कुणाला शरण' ऐकताना तिला काय हवंय हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. 'मानापमाना'तली भामिनी तर ज्या धैर्यधराला गरीब म्हणून झिडकारते, त्याच्याच पुढं वेश बदलून 'वनमाला' होऊन जाते. तिचं मन तिलाच उशिरा उमगतं. ते पहिल्या दहा मिनिटांत गाऊन टाकलं असतं तर खाडिलकरांनी पुढचे अंक कशाला लिहिले असते?

उभा_मारुती: ते मीच लिहिलंय. कुणाला शरण जाऊ, हे रडगाणं झालं, मागणं नव्हे. 1956 च्या 'माय फेअर लेडी'तली फुलवाली एलायझा काय मागते बघा: थंडी लागणार नाही अशी खोली, मोठी खुर्ची, भरपूर चॉकलेट. पुढं खोली मिळते, पण तेवढ्यानं भागत नाही, आणि खरं नाटक तिथं सुरू होतं. आपल्याकडं त्याच पदाला तीनदा वन्समोअर, तोवर बलराम विंगेत चहा पितोय.

खासबाग_कट्टा: वन्समोअरला नावं ठेवू नका राव. केशवराव भोसले 1921 च्या दोन कंपन्यांच्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले तेव्हा माईक होता काय? आता छातीला माईक चिकटवतात, तो शालूवर घासून खरखरतो. मागच्या प्रयोगाला मला पदापेक्षा शालूच जास्त ऐकू आला.

पंचगंगा_काठ: माईकचं काय घेऊन बसलायस भावा, कोल्हापूरचं केशवराव भोसले थिएटरच जळालं. शाहू महाराजांनी 1915 ला उभं केलेलं, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या रात्री आम्ही बाहेर उभं राहून नुसतं बघत होतो. आणि तुम्ही इथं चॉकलेट मोजालाय.

गंधर्वभक्त: वाईट झालंच. पण केशवराव कितीही मोठे असले तरी 1921 च्या त्या प्रयोगाला लोक भामिनीसाठी आलेले.

खासबाग_कट्टा: तू हजर हुतास काय?

गंधर्वभक्त: तू हुतास?

पंचगंगा_काठ: कोल्हापुरात राहून असलं बोलतोय, ह्याला पुण्याला धाडा.

ठेचा_भाकरी: जरा मूळ मुद्द्यावर येते. माझ्या आजीचं लग्न तिला न विचारता ठरलं. तिनं घरात कधी 'मला शाळा हवी होती' असं म्हटलं नाही. भाकरी थापताना सुभद्रेचं तेवढं पद म्हणायची, आणि आजोबा आले की गप्प व्हायची. ज्या घरात मागायचीच सोय नाही तिथं मागणं असंच बाहेर पडतं. उभा_मारुती, हे रडगाणं काय?

उभा_मारुती: आजी मध्ये आणली की समोरच्यानं गप्पच बसायचं, हा डाव जुना आहे ताई. बरं, सुभद्रेचं ते एक पद दिलं तुम्हाला. उरलेल्या पदांत कोण काय मागतंय तेवढं पायपेटीवाल्यानं सांगावं.

पायपेटीवाला: एक दिलं म्हणे! मेहरबानी, सरकार. उरलेली रविवारी पेटी घेऊन ऐकवतो, घरी या.

खासबाग_कट्टा: माईक नको फक्त.